सागाच्या तुळईंतील पर्जन्याची नोंद

जुनीं दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडणाऱ्या संशोधकाची नजर वाड्यांत शिरतांच कोठें जाते हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. माळ्यावरचा पेटारा, देव्हाऱ्यामागचें फडताळ, भिंतींतला कोनाडा, यांपलीकडे तो सहसा पाहत नाहीं. ज्या तुळईवर तो माळा उभा आहे तिजकडे त्यानें मान वर करून पाहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. वस्तुतः त्या तुळईंतहि एक दप्तर आहे. तें कोणा कारकुनानें लिहिलेलें नाहीं. त्यास मायना नाहीं व शेवटीं मोर्तबहि नाहीं. परंतु त्यांत दर वर्षाचें एक पान आहे, आणि त्या त्या वर्षीं पाऊस कसा झाला याची खूण त्या पानावर उमटलेली आहे. ही खूण वाचण्याची विद्या गेल्या अर्धशतकांत चांगली सिद्ध झाली. तिचें स्वरूप काय, तिजवर कोठवर विसंबावें, व कागद जमविणाऱ्या मंडळींचा तिच्याशीं संबंध काय, हें शहापूर-मुरबाडच्या जंगलाच्या अनुषंगानें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

मुंबईहून कल्याणमार्गें कसाऱ्याच्या वाटेनें निघालें असतां वासिंदच्या पुढें आसनगांवचें स्टेशन लागतें. १८५३ त ठाण्यास पोंचलेली आगगाडी १८६० त येथवर आली व पुढील वर्षीं कसाऱ्यापर्यंत गेली. शहापूर हें तालुक्याचें गांव येथून जवळच आहे. स्टेशनावरून माहुलीचे सुळके दिसतात; १६३६ त मोंगल व विजापूरकर या दोघांच्या फौजा पाठीशीं लागल्या असतां शहाजीराजांनीं ज्या किल्ल्यांत शेवटचा टिकाव धरिला तोच हा माहुली. एका अंगास तानसा तलावाचें रान आहे. त्याचें धरण १८९२ त पुरें झालें व तेव्हांपासून मुंबईकर त्याचें पाणी पीत आले आहेत. दक्षिणेस मुरबाड तालुका असून त्याच्या पूर्वेस माळशेज व नाणेघाट हे देशावर चढण्याचे जुने मार्ग आहेत. या सर्व टापूंत साग, ऐन, धावडा, कळंब, मोह यांचें पानझडी जंगल आहे. वर्षाचा पाऊस सुमारें शंभर इंच, आणि तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. पुढील आठ महिने आभाळ कोरडें. एवढा पाऊस पडूनहि चैत्र-वैशाखांत येथील पाड्यांवर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट मुंबईच्या नळाखालीं घागर भरणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ऋतूंचें हें द्वैत सागाच्या अंगीं जसें उतरतें तसें दुसऱ्या फार थोड्या झाडांच्या उतरतें. उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होऊन स्वस्थ उभा राहतो. पहिल्या पावसाच्या सुमारास त्यास पालवी फुटते, व सालीच्या आंतल्या अंगास नवें लांकूड धरूं लागतें. आरंभीचें लांकूड मोठ्या छिद्रांचें असतें, नंतरचें घट्ट होत जातें, आणि पाऊस सरून ओल संपली म्हणजे वाढ थांबते. पुढील वर्षीं पुन्हां मोठ्या छिद्रांची ओळ. म्हणून सागाचें खोड आडवें कापून घासलें कीं एकांत एक अशीं वलयें नुसत्या डोळ्यांनीं मोजतां येतात. आंबा किंवा फणस यांच्या खोडांत अशी भरंवशाची वार्षिक खूण मिळत नाहीं. आपल्या उष्ण मुलखांत वृक्षवलयांच्या शास्त्रास जो आधार सांपडला तो मुख्यत्वें सागाचा.

वलयांची रुंदी मोजून कालगणना करण्याची रीत अमेरिकेंत डग्लस या ज्योतिर्विदानें विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू केली. त्याचा विचार साधा होता. एका प्रदेशांतील झाडांस पाऊस एकच. तेव्हां अरुंद-रुंद वलयांची लय सर्वांत सारखीच असली पाहिजे. जिवंत झाडाची आंतली लय जुन्या तुळईच्या बाहेरच्या लयीशीं जुळली कीं मालिका तेवढी मागें सरकली. ॲरिझोनांतील मूळ रहिवाशांच्या ओसाड वसाहतींच्या तुळयांवरून त्यानें एक लांबलचक मालिका तयार केली होती. पण ती जिवंत झाडांच्या मालिकेस जुळेना, मध्यें खंड राही. १९२९ च्या जून महिन्यांत शो-लो नांवाच्या गांवीं एक जळकें लांकूड सांपडलें, त्यानें तो खंड भरून निघाला, आणि कित्येक वसाहतींच्या इमारतींचीं वर्षें एकदम निश्चित झालीं. दोन त्रुटित बखरींचा मधला भाग एखाद्या वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्याच्या रद्दींत सांपडावा, तशांतलाच तो प्रकार.

तथापि आमच्या या जंगलांत केवळ रुंदीवर विसंबणें धोक्याचें आहे. जेथें पंधरा-वीस इंच पावसावर झाड जगतें तेथें पाऊस चार इंच कमी झाला कीं वलय लगेच अरुंद होतें. जेथें शंभर इंच पडतो तेथें वीस इंच कमी पडला तरी सागाची तहान भागूं शकते. उलट जून महिना कोरडा गेला अथवा परतीचा पाऊस लवकर उठला तर वलयावर परिणाम होईल, मग एकूण बेरीज कितीहि असो. शिवाय वलय अरुंद होण्यास दुष्काळाखेरीज दुसरीं कारणेंहि पुष्कळ. ऐन पावसाळ्यांत सागाच्या पानांवर अळी पडून दहा-पंधरा दिवसांत झाडाच्या झाड जाळीदार होतें, हें या भागांत ज्यानें पाहिलें आहे त्यास ठाऊक आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठीं राब भाजण्याची कोंकणांतील जुनी चाल. तिच्या पायीं ऐनासारख्या झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षें छाटल्या जात. जंगलखात्याच्या तोडींत शेजारचें झाड गेलें तर उरलेल्यास ऊन मिळून वलय एकाएकीं रुंद होतें, आणि पाहणारा म्हणतो, सुकाळ! तात्पर्य, रुंदी हा साक्षीदार खोटा नसला तरी त्याच्या कानांत अनेकांनीं अनेक गोष्टी सांगितलेल्या असतात. त्याची उलटतपासणी करण्यास दुसरा साक्षीदार हवा, व तो त्याच लांकडाच्या पोटांत बसलेला आहे.

त्याचें नांव स्थिर समस्थानिक. एकाच मूलद्रव्याचे, एकाच रासायनिक गुणाचे, पण वजनानें किंचित् कमीअधिक असे जे परमाणू, त्यांस समस्थानिक म्हणतात. ऑक्सिजनचा सामान्य परमाणु सोळा वजनाचा. परंतु समुद्राच्या पाण्यांत दर दहा लाखांत सुमारें दोन हजार परमाणू अठरा वजनाचे असतात. हायड्रोजनांत दर दहा लाखांत सुमारें दीडशें दुप्पट वजनाचे असतात. त्यांस ड्यूटेरियम म्हणतात. कार्बनांत शेंकडा एकाहून थोडे अधिक परमाणू बाराऐवजीं तेरा वजनाचे. उत्खननांतील कोळशावरून काळ ठरविण्याची कार्बन-चवदाची रीत वाचकांच्या परिचयाची असेल. तिच्याशीं याची गल्लत होऊं नये. कार्बन-चवदा अस्थिर आहे, तो काळाबरोबर झिजत जातो, आणि त्या झिजेवरून वय काढतात. येथें ज्यांचा विचार चालला आहे ते झिजत नाहींत. लांकडांत ते ज्या प्रमाणांत बसले त्याच प्रमाणांत तीनशें वर्षांनींहि सांपडतात, आणि ते सांगतात तें वय नव्हे, तर लांकूड घडलें त्या वेळची हवा.

हें प्रमाण पालटतें तें कसें? सुपांत धान्य पाखडतांना जड दाणा सुपांत राहतो व हलका फोल पुढें उडून जातो. पाण्याच्या वाफेचें असेंच आहे. समुद्रावरून वाफ उठतांना हलके रेणू अधिक सहज उठतात, जड मागें राहतात. आणि वाफेचा पाऊस होतांना जड रेणू आधीं खालीं येतात. म्हणून एखादा ढग जों जों अधिक बरसत जाईल तों तों त्यांत उरलेलें पाणी हलकें होत जातें. उष्ण प्रदेशांत यावरून एक नियम दिसून येतो: मुसळधार पावसाच्या महिन्याचें पाणी हलकें, रिमझिम पावसाच्या महिन्याचें तुलनेनें जड. डान्सगार्ड या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें १९६४ त जगभरच्या पावसाच्या नमुन्यांवरून हा परिणाम स्पष्ट करून दाखविला.

सागाचें मूळ जमिनींतलें पाणी जसेंच्या तसें उचलतें. तेथें पाखडणी होत नाहीं. ती होते पानांत. पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी उडून जातांना पुन्हां हलके रेणू पुढें जातात व पानांत उरलेलें पाणी जड होतें. हवा जितकी कोरडी तितकें हें जड होणें अधिक. पावसाळी दमट हवेंत तें थोडें. त्याच पाण्यापासून पान साखर करतें, ती साखर खालीं उतरते, आणि तिच्यापासून खोडांत सेल्युलोज, म्हणजे लांकडाचा तंतु, तयार होतो. वाटेंत तिच्यांतील कांहीं ऑक्सिजनाची मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याशीं अदलाबदल होते. त्यामुळें तंतूंत पाऊस व पान या दोहोंची साक्ष मिसळलेली असते. सुदैव असें कीं आमच्या मुलखांत या दोन्ही साक्षी एकाच बाजूनें पडतात. भरपूर पावसाच्या वर्षीं पाऊसहि हलका आणि हवाहि दमट, म्हणून लांकूड हलकें. अवर्षणाच्या वर्षीं पाऊस जड व हवा कोरडी, म्हणून लांकूड दुहेरी जड.

कार्बनाची साक्ष निराळ्या प्रकारची आहे. पान हवेंतून कार्बन घेतांना हलका परमाणु पसंत करतें. पाण्याची टंचाई झाली म्हणजे झाड रंध्रें मिटून घेतें. आंतली हवा कोंडली जाते, आणि निवडीस वाव न राहून जड कार्बनहि स्वीकारावा लागतो. म्हणजे कोरड्या वर्षाचें लांकूड येथेंहि जड. मात्र कोळसा व खनिज तेल जाळल्यानें गेल्या दीडशें वर्षांत सगळ्या हवेंतलाच कार्बन हलका होत आला आहे. अलीकडच्या वलयांचे आंकडे वाचतांना ही वजावट न करणारा मनुष्य, वर्षागणिक पाऊस वाढला असा भलताच निष्कर्ष काढील. जातां जातां आणखी एक गोष्ट. भात, गहूं, हरभरा व जंगलांतील यच्चयावत् वृक्ष एका रीतीनें कार्बन घेतात. ज्वारी, बाजरी, ऊंस, तसेंच वरकस जमिनींत पिकणाऱ्या नाचणी व वरी या दुसऱ्या रीतीनें घेतात. ठरलेल्या मानाच्या तुलनेनें पहिल्या वर्गाचा आंकडा दर हजारीं उणे सत्तावीसच्या आसपास येतो, दुसऱ्याचा उणे तेराच्या आसपास. या दोहोंत इतकें अंतर आहे कीं उत्खननांत मिळालेल्या खापराच्या आंतल्या करपीवरून खालच्या खाचरांतला भात त्यांत शिजत होता कीं उतारावरची नाचणी, याचा अदमास करतां येतो.

प्रयोगशाळेंतील कृति थोडक्यांत सांगतों. वलयांचे पातळ काप सुटे करून प्रथम त्यांतील राळ व तेल काढून टाकतात. सागांत तीं पुष्कळ असतात, व त्यांच्याच बळावर तो वाळवीस पुरून उरतो. मग रासायनिक द्रावणांत उकळून लिग्निन इत्यादि वेगळें करतात, म्हणजे पांढरा शुभ्र तंतु शिल्लक राहतो. त्याचा मिलिग्रॅमहूनहि लहान अंश पुरतो. तो अतिशय तापवून त्याचा वायु करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर नांवाच्या यंत्रांत सोडतात. चुंबकाच्या ओढीनें तेथें हलके व जड रेणू वेगवेगळ्या वाटांनीं वळतात व त्यांची मोजदाद होते. हायड्रोजन पाहावयाचा असल्यास तंतूचें आधीं नायट्रेट करून घेण्याची रीत आहे, कारण तंतूंतले कांहीं हायड्रोजन सैल असतात व धुण्याच्या पाण्याशींच अदलाबदल करून बसतात. सैल मजकूर गाळून पक्का तेवढाच ठेवावयाचा, हा दंडक पाठचिकित्सा करणारांस नवा नाहीं.

आतां ठाण्याच्या सागाविषयीं. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे पंत व बोरगांवकर यांनीं १९८३ त ठाणें प्रदेशांतील सागाच्या वलयांचा व तेथील हवामानाचा संबंध तपासून पाहिला. भारतांत सागाच्या वलयांवर झालेल्या आरंभीच्या कामांपैकीं हें एक होय, आणि तें आमच्याच या रानांतलें आहे. त्याच सुमारास अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेंत आर. रमेश व त्यांचे सहकारी समस्थानिकांच्या मागें लागले होते. काश्मीरच्या खोऱ्यांतील वृक्षांचे नमुने घेऊन, एका झाडाच्या वलयांतील समस्थानिकांचा चढउतार शेजारच्या झाडांशीं जुळतो हें त्यांनीं १९८५ त दाखविलें. एकटें झाड स्वतःच्या प्रकृतीप्रमाणें कांहीं बोलत नसून साऱ्या प्रदेशाची गोष्ट सांगतें, एवढें त्यामुळें ठरलें. पुढें १९८९ त रमेश, भट्टाचार्य व पंत या त्रयीनें पश्चिम हिंदुस्थानांतील सागाच्या तंतूंतील ड्यूटेरियम मोजून त्याचा मोसमी पावसाशीं संबंध जोडला, व तो निबंध लंडनच्या 'नेचर' या पत्रांत आला. थंड देशांतील झाडांचा हायड्रोजन मुख्यत्वें उष्णतामान सांगतो. आमचा साग पाऊस सांगतो. उष्ण कटिबंधांतील झाडांकडे पाश्चात्य शास्त्रज्ञ तोंवर फारशा आशेनें पाहत नसत, हें ध्यानांत घेतां या कामाचें मोल कळून येईल. रमेश हे २०१८ त निवर्तले.

दक्षिणेंत केरळांतील सागावरून बोरगांवकर प्रभृतींनीं १४८१ पासून २००३ पर्यंत, म्हणजे पांचशें तेवीस वर्षांची, वलयरुंदीची मालिका २०१० त प्रसिद्ध केली व अवर्षणाच्या खुणा तींत दाखविल्या. परंतु केरळाची किल्ली ठाण्याच्या कुलपास लावूं नये. तेथें नैर्ऋत्येचा पाऊस संपल्यावर ईशान्येचा येतो, हा दुसरा पाऊस समस्थानिकांच्या मानानें हलका असतो, आणि सागाची वाढ त्याहि काळांत चालूं राहते. त्यामुळें 'हलकें लांकूड म्हणजे भरपूर पाऊस' हें समीकरण तेथें सरळ लागू पडत नाहीं. आसनगांवच्या सागास पाऊस एकच ठाऊक आहे. म्हणून तो साक्षीस बरा.

याहूनहि आमच्या कामाची गोष्ट म्हणजे एकाच वलयाचे अनेक पातळ काप घेऊन एकाच पावसाळ्याचा इतिहास वाचण्याची रीत. रमेश व त्यांचे सहकारी यांनीं २०१० त दाखविलें कीं पावसाळ्याच्या मध्यें जी मोठी उघडीप पडते तिची खूण वलयाच्या पोटांत ऑक्सिजनच्या रूपानें उमटलेली असते. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आमचे जुने कागद पाऊस इंचांत सांगत नाहींत, ते नक्षत्रांत सांगतात. मृगांत पेरण्या झाल्या, आर्द्रा कोरड्या गेल्या, मघांनीं तारलें, हस्त लागला नाहीं म्हणून भात पळींज झालें, अशा परिभाषेंत तो मजकूर असतो. वर्षाच्या एकूण पावसाचा आंकडा घेऊन या मजकुराशीं ताडून पाहणें बहुधा व्यर्थ जातें. आतां वलयाचेहि नक्षत्रवार नसले तरी महिन्याच्या मानानें भाग पाडतां येत असतील, तर कागद व काष्ठ प्रथमच एका भाषेंत बोलूं लागतील.

कागदाची पारख करतांना त्यांत कोणाचा स्वार्थ गुंतला आहे हें आपण आधीं पाहतों. अवर्षणाचा उल्लेख ज्या कागदांत सर्वांत अधिक सांपडतो तो म्हणजे सूट मागणारा अर्ज किंवा सूट मंजूर करणारा हुकूम. पीक बुडालें असें म्हणण्यांत रयतेचें हित, पीक बरें आहे असें म्हणण्यांत कमाविसदाराचें. पाहणीस गेलेला कारकून या दोहोंच्या मध्यें. असे कागद एकाच गांवाचे चारपांच सालांचे लागोपाठ मिळाले म्हणजे दुष्काळ खरा किती व लेखणींतला किती हा प्रश्न पडतो, आणि दप्तरांतून त्याचें उत्तर निघत नाहीं. सागास वसुलाशीं कर्तव्य नाहीं. उलट पावसानें न झालेला दुष्काळ, म्हणजे फौजांच्या दौडीनें किंवा घाट अडल्यानें आलेली महर्गता, लांकडांत दिसणार नाहीं. तेथें कागदच प्रमाण. दोघांची ताडणी हवी ती एवढ्यासाठींच.

शके १५५२ च्या महादुष्काळाचें उदाहरण घेऊं. १६३० त पाऊस गेला व पुढील वर्षीं अतिवृष्टि झाली असें गुजरात व दख्खन या प्रांतांविषयीं समकालीन लेखक सांगतात. तुकोबांचें घर ज्या दुष्काळांत उध्वस्त झालें तो हाच. परंतु घाटाखालीं, नाणेघाटाच्या पायथ्याशीं, त्या दोन सालीं काय झालें? कोंकणांत पाऊस पुरेसा झाला होता, कीं तेथेंहि तो गेला होता? घाटावरची माणसें खालीं उतरलीं कीं खालचें धान्य वर चढलें, याचा विचार या एका गोष्टीवर अवलंबून आहे. त्या काळाचें एखादें सागाचें लांकूड या टापूंत मिळालें, तर त्यांत एक जड वलय व त्याला लागूनच एक विलक्षण हलकें वलय अशी जोडी शोधावयाची. १८९९ व १९१८ या दोन सालीं पाऊस गेल्याचें मोजमाप पर्जन्यमापकावरून ठाऊक आहे, म्हणून या सालांच्या वलयांवरून आधीं कसोटी बांधून घेतां येईल. हवामानखातें १८७५ त स्थापन झालें, व मुंबईच्या पावसाचीं मोजमापें त्याहून जुनीं आहेत. १७८१ ते १८७८ या काळांत मुंबईस पाऊस कोणत्या तारखेस लागला हें ॲडम्सन व नॅश या इंग्रज संशोधकांनीं जुन्या रोजनिशा, पत्रें व वर्तमानपत्रें चाळून २०१३ त मांडलें. हेंच काम मराठी कागदांवरून अधिक मागें नेतां येण्यासारखें आहे, आणि तें आमच्या वाचकांखेरीज दुसऱ्या कोणाच्यानें होणें नाहीं.

परंतु तीनशें वर्षांपूर्वींचा साग आणावयाचा कोठून? उभ्या रानांत तो शोधणें बहुतांशीं व्यर्थ आहे. १६५७ नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीवर शिवछत्रपतींनीं गलबतें बांधविण्यास आरंभ केला तेव्हांपासून सागाची मागणी चालूच आहे. आरमारास साग लागतो तो कसा तोडावा व रयतेच्या आंब्या-फणसास हात कां लावूं नये, याची चर्चा आज्ञापत्रांत आहे ती सर्वांस ठाऊकच आहे. पुढें आगगाडी आली, स्लीपर आले, मुंबईचीं घरें आलीं. आज जें रान दिसतें त्यांतला पुष्कळ साग जुन्या बुंध्यांवर फुटलेल्या धुमाऱ्यांचा आहे. जुना साग आतां उभा नाहीं, आडवा आहे: वाड्यांच्या तुळयांत, देवळांच्या सभामंडपांत, कडीपाटांत, दिंडीदरवाज्यांत. आणि तोहि वेगानें जात आहे. आसनगांवाहून मुंबईस लोकल गाड्या धांवतात. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीकडून येणारा शेवटचा टप्पा २०२५ त खुला झाला तो याच तालुक्यांतून. जमिनीस भाव आल्यानें जुनीं घरें उतरविलीं जात आहेत. उतरलेलें सागवान वखारींत जातें, तेथें बाहेरची काळवंडलेली कड रंध्यानें काढून टाकतात, आंतल्या पिवळ्या लांकडाचीं मेजें-खुर्च्या होतात. मूळ घरमालकाकडून दप्तराची मागणी करणारे आम्ही लोक त्याच दिवशीं अंगणांत पडलेल्या तुळईस ठेंच लागूं नये म्हणून वळसा घालून जातों.

तुळईचें वर्ष ठरविण्यासहि समस्थानिक उपयोगी पडतात. ज्या लांकडांत वलयें थोडीं, किंवा ज्यांच्या रुंदीची लय संदिग्ध, त्यांची जुळणी ऑक्सिजनवरून अधिक निश्चित होते, असें जपानांत व इंग्लंडांत अनुभवास आलें आहे. वेल्समधील स्वान्सी येथील संशोधकांनीं मध्य इंग्लंडांतील ओकच्या लांकडांवरून इ. स. १२०० पासून २००० पर्यंतची ऑक्सिजनची मालिका २०१९ त प्रसिद्ध केली. आतां तेथील एखाद्या कोठाराची तुळई आणून दिली कीं तिच्या ऑक्सिजनचा आलेख त्या मालिकेवर सरकवून तोडणीचें वर्ष काढतां येतें. कोंकणच्या सागाची अशी मालिका उभारावयाची तर जिवंत झाडांपासून मागें मागें जाणारीं, एकमेकांवर थोडीं थोडीं चढणारीं पुष्कळ लांकडें हवींत, आणि प्रत्येक कोठलें हें ठाऊक हवें.

कांहीं मंडळी विचारतात कीं तुळईच कशाला, पोथीच्या कागदावरून हें कां करूं नये? कागदहि तंतूचाच. याचें उत्तर असें कीं हातकागद ताग, अंबाडी, जुन्या चिंध्या असा अनेक शेतांचा व अनेक सालांचा माल कुटून केलेला असतो. त्यांत एका वर्षाचा पाऊस शोधणें म्हणजे दहा बखरी कुटून केलेल्या लगद्यांत एक तिथि शोधणें. पोथीच्या वरखालच्या लांकडी फळ्या त्यापेक्षां बऱ्या, पण त्यांत वलयें अगदींच थोडीं येतात. शिवाय नमुना घेणें म्हणजे वस्तूचा तुकडा पाडणें होय. पोथीच्या वाटेस जाऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

तुळईचा काप कसा ठेवावा याविषयीं चार शब्द. काप आडवा, खोडास काटकोनांत, तीन-चार बोटें जाड घ्यावा, व शक्य तर तुळईच्या अशा टोकास घ्यावा जेथें सालीलगतचें पांढरट लांकूड तासलें गेलेलें नाहीं. तें नसेल तर तोडणीचें वर्ष मिळणार नाहीं, फक्त त्या वर्षाच्या अलीकडे तोड झाली एवढेंच म्हणतां येईल. त्यास तेल, रोगण अथवा वाळवीचें औषध लावूं नये. जुना रंग असल्यास खरवडूं नये. सावलींत वाळवून कागदांत गुंडाळावा. त्यावर शिसपेन्सिलीनें गांव, घर, कितवा खण, तुळई कीं खांब कीं वासा, आणि उतरविल्याचा दिवस एवढें लिहावें. पूर्वीं दुसऱ्या इमारतींत लागलेलें लांकूड असल्यास रिकामीं भोंकें व खांचा दिसतात, त्यांचीहि नोंद करावी. वाड्याच्या बांधणीचा हिशेब घरांत मिळाल्यास तो अवश्य जोडावा, कारण लांकूड कोठून आणिलें, तोड कोणत्या रानांतली, गाडीभाडें किती, हें त्यांत बहुधा असतें. ही चौकशी अत्यावश्यक आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारांत मलबारचा व ब्रह्मदेशाचा साग विपुल येत असे. आगगाडीच्या वाटेवरील घरांत तो लागला नसेल असें धरून चालतां येत नाहीं, आणि मोलमीनच्या पावसावरून मुरबाडचा दुष्काळ ठरविण्याचा प्रसंग येऊं नये. १८६० पूर्वींचें घर, रेल्वेपासून दूरचें गांव, व बांधणीचा हिशेब शाबूत, असा तिहेरी योग जेथें असेल तेथील लांकूड सर्वांत आधीं मिळवावें. मुरबाड तालुक्यांत घाटाच्या पायथ्याकडील गांवांत असा शोध करण्यास मार्गशीर्षानंतरचे दिवस सोयीचे; घरें उतरविण्याचें काम भात झोडून झाल्यावरच निघतें.